खटका

मैफलीत सगळ्यात मोठा आवाज तबल्याचा नसतो. तो कॅमेऱ्याच्या पिशवीच्या वेल्क्रोचा असतो. पूरियाचा आलाप चाललेला असतो, तानपुरे सुरेख जुळलेले असतात, गवयानं मंद्रातला निषाद असा धरलेला असतो की सभागृहातल्या पंख्यांनीही आवाज खाली आणावा. आणि नेमक्या त्या वेळी आपण पिशवी उघडतो. चर्रर्र! दीडशे माना एकदम आपल्याकडे वळतात. इतकी एकमुखी दाद त्या संध्याकाळी गवयालाही मिळाली नव्हती.

मैफलीचे फोटो काढायचे हे काही मी लहानपणापासून उराशी बाळगलेलं स्वप्न नव्हे. बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी लेक नोकरीसाठी परदेशी गेली. जाताना तिनं मागे तीन वस्तू ठेवल्या: एक गिटार, एक योगासनांची चटई आणि एक डीएसएलआर कॅमेरा. पहिल्या दोन वस्तूंनी मला काही त्रास दिला नाही. तिसरीची खबर आमच्या भागातल्या संगीत मंडळाच्या चिटणीसांना लागली. हे मंडळ दर महिन्याला शाळेच्या सभागृहात एक बैठक करतं. चिटणीस म्हणाले, "तुमच्याकडे कॅमेरा आहे ना? मग झालं तर!" घरात कॅमेरा असणं आणि फोटो काढता येणं, यात घरात पेटी असणं आणि ती वाजवता येणं याइतकंच अंतर आहे, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. आमच्या घरी पेटीही आहे. पण ते बोलले नाही, कारण पुढची पेटीवादनाची बैठक माझ्या गळ्यात पडली असती.

पहिल्या दिवशी मी कॅमेऱ्याची चकती 'ऑटो'वर ठेवली. ऑटो म्हणजे सगळं आपलं आपण बघणारा, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. घरात तसं कुणी नाही. पण ऑटोचा एक दुर्गुण आहे. त्याला अंधार दिसला की तो दिवा लावतो. ही सवय देवघरात शोभते, मैफलीत नाही. मी बटण दाबलं, कॅमेऱ्याच्या डोक्यातून काहीतरी टुणकन वर आलं आणि गवयाच्या मिटल्या डोळ्यांवर लख्ख उजेड पडला. त्यांनी एकच डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. दुसरा रागातच राहिला. राग कुठला ते विचारू नका.

पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक काका बसतात. वय ऐंशीच्या घरात, खांद्यावर शाल, हातात घडी केलेली कार्यक्रमपत्रिका. ते मागे वळले. "अहो बाई, वीज पडली का?" मी धावपळ करून फ्लॅश बंद केला आणि पुढचा फोटो काढला. डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो, फोटो घेताना तो वर उडतो आणि परत आपटतो. त्याचा आवाज होतो 'खटॅक'. काका पुन्हा वळले. या वेळी त्यांचा आवाज अगदी हळू होता, म्हणून जास्त लागला. "बाई, गाण्यात खटका गवयानं घ्यायचा असतो. तुम्ही नव्हे."

त्या रात्री सहाशे चौदा फोटो निघाले. पूर्वीच्या फोटोग्राफरला एका रोलमध्ये छत्तीस मिळायचे, त्यामुळे तो बोट उचलण्याआधी विचार करायचा. माझ्या बोटाला तशी शिस्त नव्हती. घरी येऊन मी ते फोटो तांदळासारखे निवडायला बसले आणि लक्षात आलं की या पोत्यात तांदूळ नाहीतच, सगळे खडेच आहेत. निम्म्यांत काळोख, निम्म्यांत गवयाच्या जागी एक पांढरट धूर.

लेकीला व्हिडिओ कॉल लावला. पोळी लाटायला शिकवताना मी तिच्यावर जेवढी चिडले असेन, त्याची परतफेड करायची संधी तिला मिळाली होती. पण तिनं शांतपणे समजावलं, आणि तेही माझ्या भाषेत. "आई, असं समज, उजेडाची तीन खाती आहेत. एक भिंगाचं तोंड किती उघडायचं याचं. दुसरं शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचं. तिसरं आयएसओ, म्हणजे आलेला उजेड कॅमेऱ्यानं किती वाढवून घ्यायचा याचं. एका खात्यात कमी पडलं तर दुसऱ्यातून भरायचं. फुकट काही मिळत नाही." हे मला एका दमात कळलं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की उजेड भरपूर येतो, पण तेवढ्यात गवयाचा हात हलतो आणि हाताचा धूर होतो. आलापात १/६० सेकंद चालून जातं. तानेला हात फिरू लागला की १/२५० लागतं, तबलजीची बोटं थांबलेली दिसायला हवी असतील तर १/५०० सुद्धा. आयएसओ म्हणजे तर सरळ कर्ज. ३२००, ६४००, मागाल तेवढं मिळतं, पण व्याज फोटोतल्या रवाळ दाण्यांनी फेडावं लागतं. राहिलं भिंगाचं तोंड. त्याच्या आकड्यांचा कारभार सरकारी फॉर्मसारखा उलटा आहे: आकडा लहान, तर तोंड मोठं. कॅमेऱ्याबरोबर आलेलं भिंग लांबचं ओढून घेताना एफ ५.६ च्या पुढे उघडत नव्हतं. लेकीनं मला पन्नास मिलिमीटरचं, एफ १.८ चं छोटं भिंग घ्यायला लावलं. दिसायला मसाल्याच्या डब्यातल्या वाटीएवढं, पण आधीच्या भिंगाच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेतं. एवढ्या व्याजाची मुदत ठेव बँकेत कधी पाहिली नव्हती.

या भिंगाचा आणखी एक उपयोग मला पुढच्या बैठकीत कळला. आमच्या मंचामागे एक फ्लेक्स असतो. त्यावर मंडळाचं नाव बारीक अक्षरात आणि आश्रयदात्यांची नावं ठळक अक्षरात. एका पतसंस्थेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो बरोबर गवयाच्या डोक्यामागे येतो. पहिल्या बैठकीतल्या प्रत्येक फोटोत गवयाच्या खांद्यावर अध्यक्ष बसलेले होते, वेताळासारखे. एफ १.८ वर काढलं की मागचं सगळं धूसर होतं. अध्यक्ष विरघळून एक केशरी ढग झाले. मंडळाच्या कार्यकारिणीला हे फोटो फारसे आवडले नाहीत, पण तो वेगळा विषय.

मग माइक. गवयाच्या तोंडासमोर उभा असलेला माइक समोरून फोटो काढला की तोंडातच जातो. सगळे थोर गायक कुल्फी खाताना दिसतात. उपाय सोपा आहे: बाजूला सरकायचं. आपल्याकडे तबलजी बहुधा गवयाच्या उजव्या हाताला बसतो आणि पेटीवाला डाव्या हाताला. प्रेक्षकांच्या डाव्या बाजूनं काढलं की तबला पुढे येतो, गवयाची मान जरा वळली की माइक बाजूला होतो आणि मागे तानपुऱ्यांच्या खुंट्या दिसतात. जागा उत्तम, पण जमिनीवर बसायची. बसणं सोपं असतं. उठताना गुडघे जो आवाज करतात त्याला फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. बांगड्या मात्र मी दुसऱ्या बैठकीपासून घरी ठेवायला लागले.

दिव्यांचं काय सांगू! पूर्वी पिवळे दिवे असायचे, माणसं माणसाच्या रंगाची दिसायची. आता एलईडी आले आणि त्यांचा कारभार एका उत्साही मुलाच्या हाती आला. त्याला प्रत्येक रागाचा रंग ठाऊक आहे. बागेश्रीत गवई जांभळे होतात, ठुमरीत गुलाबी आणि एकदा तर भजनात हिरवे झाले. डोळ्यांना हे चालतं, कॅमेऱ्याला चालत नाही; त्या गडद जांभळ्यात त्याला नाक आणि गाल यांतला फरक कळत नाही. लेक म्हणाली, "अशा वेळी कृष्णधवल करून टाक. मोठमोठे लोकही तेच करतात." तेव्हापासून माझे बरेच फोटो फार कलात्मक आहेत असं लोक म्हणतात. त्यामागे तो मुलगा आहे.

हे सगळं सांभाळून एकदाचा स्वच्छ फोटो निघाला, तेव्हा खरी अडचण समोर आली. गवयाचा चेहरा. गाणं चालू असताना जो चेहरा इतका देखणा वाटत होता, तो १/२५० सेकंदात कापून काढला तर अक्कलदाढ दुखणाऱ्या माणसाचा होता! त्यात खोट गवयाची नाही आणि कॅमेऱ्याचीही नाही. तान वर चढते तेव्हा चेहराही चढत असतो, ओठ एका स्वरावरून दुसऱ्याकडे निघालेले असतात. आपण प्रवास पाहतो. कॅमेरा मधल्याच कुठल्यातरी फाट्यावर उतरतो. भीमसेन जोशींचे हातवारे आठवा. त्यांनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात मी कॉलेजात असताना मागे सतरंजीवर बसून त्यांना ऐकलं आहे. तिथून ते सुपारीएवढे दिसायचे, पण तान कुठून उचलली आणि कुठे टाकली हे हातावरून कळायचं. त्या हातांची चांगली प्रकाशचित्रं ज्यांनी काढली, ज्यांच्या रोलमध्ये छत्तीसच जागा होत्या, त्यांनी बोट नेमकं कधी उचललं असेल? हा प्रश्न माझ्या डोक्यात रुतून बसला.

लेकीला विचारलं तर तिनं मला परदेशातलं एक उदाहरण दिलं. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथं १९६७ च्या जूनमध्ये मोठा संगीत महोत्सव झाला. त्यात जिमी हेंड्रिक्सनं मंचावर आपली गिटार पेटवली. तो क्षण टिपणारा एड कॅराफ नावाचा मुलगा सतरा वर्षांचा होता. मंचाला लागून खुर्चीवर उभा राहून तो फोटो काढत होता. फोटो जगभर गाजला. ऐकून मी भारावले. त्याच दिवशी दुपारी त्याच मंचावर रविशंकरांची सतार झाली होती, साथीला अल्लारखाँ होते, हे कळल्यावर तर अधिकच. पण मला त्यातून शिकण्यासारखं फारसं नव्हतं. आमच्याकडे गवई तानपुरा पेटवत नाहीत. आणि मी खुर्चीवर उभी राहिले असते, तर काकांनी मलाच पेटवलं असतं.

तिकडे आणखी एक रिवाज आहे म्हणे: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग फोटोवाल्यांनी बाहेर. तीन गाणी म्हणजे दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात तिकडचा गायक मंचाच्या दोन्ही टोकांना धावून येतो, उडी मारतो, घामाघूम होतो. आमच्याकडेही हल्ली जाहीर करतात, "पहिली दहा मिनिटं फोटो काढावेत, नंतर कृपया नको." पण ख्यालाच्या पहिल्या दहा मिनिटांत गवई डोळे मिटून षड्जापासून गंधारापर्यंत पोचलेले असतात. त्या दहा मिनिटांत काढलेले दोनशे फोटो एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. आमच्या मंडळानं मात्र मला अशी काही अट घातली नव्हती. अट काकांची होती, आणि ती नजरेनं घातलेली होती.

तिसऱ्या बैठकीच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत काका माझ्या पुढे होते. मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "काका, मी आवाज कमी करायचा प्रयत्न करतेय हो. पण हा कॅमेरा जुना आहे, त्याला मुकं होता येत नाही." नव्या कॅमेऱ्यांना आरसा नसतो, ते मुकाट्यानं फोटो काढतात, हे मला एव्हाना कळलं होतं, त्यांची किंमतही कळली होती. काकांनी कपाला फुंकर घातली. "आवाज करा की. पण कधी करायचा ते कळायला नको? तबलजी काय कमी आवाज करतो?" मी गप्प. "सम कळते का तुम्हाला?"

सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, मला कळत होती, पण ती होऊन गेल्यावर. सगळ्यांच्या माना हलल्या की माझीही हलायची. पण फोटोला ते चालत नाही. डोळ्यांनी पाहून बोटानं दाबेपर्यंत माणसाचा साधारण पाव सेकंद जातो. गवई समेवर येतात, तबलजीकडे पाहून हसतात, हात उघडतो, मी ते पाहते, दाबते. आणि फोटोत गवई पाण्याच्या बाटलीचं टोपण शोधत असतात. पाहून दाबणारा नेहमी उशिरा पोचतो. लग्नात अक्षता 'सावधान' ऐकून टाकायच्या असतात, वरमाला पडलेली पाहून नव्हे.

चहा निवेपर्यंत काकांनी मला एकताल शिकवला. बारा मात्रा. धिं धिं धागे तिरकिट, तू ना क त्ता, धागे तिरकिट धी ना. "विलंबितात सम शोधायला अक्कल लागत नाही, सवड लागते. एक आवर्तन चाळीस-पन्नास सेकंदही चालतं. तिरकिट दोनदा येतं. पहिल्यानंतर तू-ना, दुसऱ्यानंतर धी-ना. दुसरं तिरकिट गेलं की दोन मात्रा उरल्या. त्याच सुमारास गवई मुखडा उचलतो. तेवढ्यात तुमचं ते फोकस-बिकस उरकून घ्या." मग थोडं थांबून म्हणाले, "समेवर सगळा हॉल 'क्या बात है' करतो. त्यात तुमचा खटका खपून जाईल."

मी महिनाभर घरात एकताल चालवला. भाजी चिरताना, रिक्षात, बँकेच्या पेन्शनच्या रांगेत. नवऱ्यानं एकदा विचारलं, "दुसरं तिरकिट म्हणजे कोण गं?" पुढच्या बैठकीला मी अख्ख्या ख्यालात चाळीसच फोटो काढायचे असं ठरवून गेले. पहिलं आवर्तन मोजलं, दुसरं मोजलं, तिसऱ्याला तिरकिट ऐकलं, दोन मात्रा धीर धरला आणि दाबलं. ते पहिलं तिरकिट होतं. माझा खटका बरोबर सातव्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या 'खाली'वर पडला, आणि एकटा उघडा पडला. काका वळले नाहीत. त्यांनी फक्त मांडीवरची बोटं दोन वेळा उघडून दाखवली: तू, ना.

चौथ्या आवर्तनाला जमलं. पाचव्याला पुन्हा चुकलं. मग हळूहळू एक गंमत व्हायला लागली. मी डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बसले होते, पण बघत कमी होते. तबल्याकडे कान, मुखड्याकडे कान. आणि दोन मात्रा आधी बोट अर्धं दाबलेलं. गवयाच्या चेहऱ्यावर सम उमटायच्या आधी ती मला येताना ऐकू यायची, वळणापलीकडच्या एसटीसारखी. हात उघडले की माझं शटरही त्याच क्षणी उघडायचं. खटका झाला का? झाला असणार. मलाही ऐकू आला नाही.

ख्याल संपत आला तेव्हा मला एक खोडी सुचली. गवयाचा चेहरा आता मला पाहायचीच गरज नव्हती. मी सरकत सरकत मंचाच्या कडेला गेले, गवयाकडे पाठ केली आणि कॅमेरा श्रोत्यांवर धरला. मंचावरचा उजेड पहिल्या रांगेच्या चेहऱ्यांवर सांडत होता. मागे दोन ट्यूबलाइट जळत होत्या; त्या कधीच विझत नाहीत, कारण त्यांचं बटण आजवर कुणाला सापडलेलं नाही. आयएसओ ६४००, कर्ज काढलं. पाठीमागून धागे आलं, तिरकिट आलं. कुठलं? दुसरं. मुखडा उचलला गेला. धी. ना.

घरी येऊन पाहिलं. दीडशे माणसं. कुणाचा हात हवेत, कुणाची मान खाली, कुणी शेजारच्याच्या मांडीवर थाप मारतंय, मागे ट्यूबलाइटखाली चिटणीससुद्धा हिशेबाच्या वहीतून वर पाहतायत. आणि पहिल्या रांगेत कडेला काका. डोळे मिटलेले, उजवा तळवा उताणा, शाल खांद्यावरून घसरलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू की हेच गृहस्थ कधी कुणाकडे रागानं वळून पाहत असतील हे सांगून पटू नये. दाणे भरपूर होते. व्याज चोख वसूल झालं होतं. पण एकही खडा नव्हता.

पुढच्या महिन्यात मी तो फोटो मोठा छापून काकांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोटोवरून मान वर न करता विचारलं, "हा कधी काढलात? मला आवाज आला नाही."

"समेवर," मी म्हटलं. आवाजात जरा ताठा आला असेल. एवढ्या महिन्यांनी माझाही हक्क होता.

काकांनी फोटो कार्यक्रमपत्रिकेत घालून शालीखाली नीट ठेवला. तानपुरे जुळत होते. ते मंचाकडे पाहत म्हणाले, "विलंबितात काय, सम कुणालाही सापडते. द्रुतात काढून दाखवा."